डोक्यावरचे दहा टन

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या एका टक्क्यात बाकीचे सगळे. शाळेत पाठ केलेलं हे वाक्य बहुतेकांना जन्मभर आठवतं आणि बहुतेकांची हवेशी ओळखही तिथेच थांबते. वाक्य चूक नाही. पण ते वाचून असं वाटत राहतं की कुणीतरी कधीतरी हे मिश्रण मोजूनमापून भरून ठेवलं आणि तेव्हापासून ते तसंच आहे. प्रत्यक्षात ही टक्केवारी म्हणजे पासबुकातली आजच्या तारखेची शिल्लक आहे. किती जमा झालं, किती खर्ची पडलं, कुठली रक्कम आठवड्याभरात हातातून जाते आणि कुठली ठेव अब्जावधी वर्षांत कधी मोडलीच नाही, यातलं काहीही त्या आकड्यात दिसत नाही. मला हवेची सगळी गोडी या उलाढालीत वाटते. कुठला वायू किती आहे याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे, तो हवेत किती काळ मुक्काम करतो.

हे नीट समजावं म्हणून मी टक्के सोडून वजनात विचार करायला लागले. समुद्रसपाटीवरची एक चौरस मीटर जागा डोळ्यांपुढे आणा, चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी. तिच्यावर थेट अंतराळाच्या हद्दीपर्यंत जी हवा उभी आहे, तिचं वजन दहा टनांहून थोडं अधिक भरतं. त्यात नायट्रोजन सुमारे पावणेआठ टन, ऑक्सिजन दोन टन चारशे किलो आणि आर्गॉन १३० किलोच्या आसपास. पाण्याची वाफ जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे फार बदलते, पण साऱ्या जगाची सरासरी काढली तर २५ किलो. कार्बन डायऑक्साइड साडेसहा किलो. मिथेन दहा-अकरा ग्रॅम. ओझोन सहा-सात ग्रॅम. नायट्रस ऑक्साइड जेमतेम पाच ग्रॅम.

हे आकडे मी कागदावर मांडले तेव्हा बराच वेळ त्या शेवटच्या ग्रॅमांकडेच बघत बसले. दहा टनांच्या खाली आपण उभे आहोत आणि त्यातल्या सहा-सात ग्रॅम ओझोनमुळे सूर्याचे घातक अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचत नाहीत. तो सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून पसरला तर त्याचा थर तीन मिलिमीटरचा होईल. हवेच्या बाबतीत वजन आणि वजनदारपणा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सुरुवात आर्गॉनपासून करते, कारण तो काहीच करत नाही. कुणाशी संयोग पावत नाही, जळत नाही, जाळत नाही, कुठल्याही सजीवाला त्याची गरज नाही. त्यामुळे तो एकदा हाती लागूनही शंभर वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेच्या नमुन्यात जास्तीचा ऑक्सिजन मिसळला आणि त्यातून विजेच्या ठिणग्या पाडत राहिला. ठिणगीच्या उष्णतेने नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होई, आणि तयार झालेला वायू क्षारीय द्रावण शोषून घेई. नळीतली हवा अशी कमी होत होत शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला. तो काही केल्या जाईना. कॅव्हेंडिशने प्रामाणिकपणे नोंद केली की हवेतल्या नायट्रोजनात काही वेगळा भाग असलाच, तर तो एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही. एवढी नोंद करून तो पुढच्या कामाला लागला, आणि त्या बुडबुड्याकडे शतकभर कुणी वळून पाहिलं नाही.

पुढे लॉर्ड रॅले वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होता. एकाच काचेच्या गोळ्यात हवेतून मिळवलेला नायट्रोजन भरला की वजन यायचं २.३१० ग्रॅम, आणि रासायनिक संयुगातून काढलेला नायट्रोजन भरला की २.२९९ ग्रॅम. फरक ११ मिलिग्रॅमचा. दुसऱ्या कुणीही तो प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅलेने पद्धती बदलून बदलून पुन्हा मोजमापं घेतली. फरक तसाच राहिला, तेव्हा १८९२ मध्ये त्याने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं की याचं कारण तुम्हाला सुचतं का. विल्यम रॅमसेने मग हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियमने नायट्रोजन पकडून ठेवला आणि मागे जो वायू उरला, त्याच्या वर्णपटात कुणी कधी न पाहिलेल्या रेषा होत्या. १८९४ मध्ये दोघांनी मिळून नवा वायू जाहीर केला. अकरा मिलिग्रॅमांवर हट्ट धरून बसणाऱ्या या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. विज्ञानात मोठ्या कल्पनांचं कौतुक खूप होतं, पण तिसऱ्या दशांश स्थळावरच्या या निष्ठेचं व्हावं तितकं होत नाही.

आर्गॉन येतो कुठून, हे त्याहून विलक्षण आहे. हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन खडकांतल्या पोटॅशियममधून आला आहे. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार, पोटॅशियम-४०, फार सावकाश क्षय पावतो. सव्वाशे कोटी वर्षांत त्यातला निम्मा संपतो. क्षय पावणाऱ्या दर दहा अणूंपैकी साधारण एकाचा आर्गॉन होतो, आणि तो ज्वालामुखींतून, खडकांच्या झिजेतून हळूहळू वर येतो. आपल्या शरीरातही पोटॅशियम आहेच, त्यामुळे हे काम आपल्या आतसुद्धा चालू असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला आर्गॉनचे चारशेच्या वर नवे अणू जन्माला येतात आणि कधीतरी रक्तातून फुप्फुसात, तिथून हवेत जातात. म्हणजे पृथ्वीच्या आर्गॉनमध्ये आपलीही भर पडते, कणभर का होईना. एकदा हवेत आला की तो जातही नाही. हेलियमही असाच खडकांतल्या किरणोत्सारातून जन्मतो, पण तो इतका हलका असतो की वातावरणाच्या वरच्या टोकावरून अवकाशात निसटून जातो आणि हवेत दशलक्षात पाच भागांपलीकडे साचत नाही. आर्गॉन जड आहे. तो राहतो.

तो राहतो म्हणूनच एक हिशोब करता येतो. एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. साऱ्या वातावरणात रेणू किती आणि एका श्वासात किती, हे माहीत असलं की पुढचं गणित सोपं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याही एका माणसाने एका दिवसात घेतलेले श्वास धरा, साधारण वीस हजार. त्यांतला आर्गॉन आता जगभरच्या हवेत सारखा मिसळून गेला आहे. आज तुम्ही जो श्वास घ्याल त्यात त्या माणसाच्या त्या एका दिवसातले आर्गॉनचे दोन-अडीचशे अणू असतील. ऑक्सिजनच्या बाबतीत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण हजार वर्षांत त्यातला बराचसा ऑक्सिजन पाण्यात, पानांत, हाडांत, गंजात जाऊन आलेला असतो. आर्गॉन मात्र तोच. तो माणूस कोण असावा हे तुम्ही ठरवा. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

नायट्रोजनचं दुखणं वेगळं. डोक्यावर पावणेआठ टन असूनही झाडांची त्याच्यावाचून उपासमार होते. प्रथिनं आणि डीएनए दोन्ही नायट्रोजनशिवाय बनत नाहीत, आणि हवेतल्या नायट्रोजनचा रेणू कुणालाही दाद देत नाही. दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात. तो बंध तोडायला वीज लागते, भट्टी लागते किंवा एक विशिष्ट विकर लागतं, आणि ते विकर फक्त काही सूक्ष्मजीवांकडे आहे. झाडांकडे नाही, प्राण्यांकडे नाही, आपल्याकडेही नाही.

वाटाण्याच्या किंवा त्याच्या जातकुळीतल्या कुठल्याही शेंगा धरणाऱ्या झाडाचं जोमाने वाढणारं रोप मातीसकट हळूच उपटून बघा. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला कीड लागली असंच वाटतं. त्यातली एक गाठ नखाने फोडली तर आतून ती गुलाबी निघते, चक्क मांसासारखी. हा रंग ज्या द्रव्याचा असतो ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं सख्खं भावंड आहे. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्याकडे नायट्रोजन फोडणारं विकर असतं, पण ऑक्सिजन लागला की ते विकर निकामी होतं. जिवाणूंना जगायला मात्र ऑक्सिजन हवाच. हे गुलाबी द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना अगदी बेताबेताने पुरवतं, विकराला धक्का न लावता. बदल्यात जिवाणू झाडाला नायट्रोजन देतात आणि झाड त्यांना साखर देतं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला पेशीतल्या इंधनाचे, म्हणजे एटीपीचे, सोळा रेणू खर्ची पडतात. मी अशी गाठ हातात घेते तेव्हा दर वेळी थबकते. रक्त नसलेल्या जिवाने आपल्या रक्तासारखी युक्ती काढावी, तीही हवेतला सगळ्यात हटवादी वायू वळवण्यासाठी!

या गाठींचा अर्थ १८८०च्या दशकात हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी लावला आणि १८८८ मध्ये बायरिंकने त्यांतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी, १९०९ मध्ये, फ्रिट्झ हाबरने प्रचंड दाब आणि उष्णता वापरून नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. १९१३ मध्ये कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा केला. आज या पद्धतीने वर्षाला पंधरा कोटी टनांहून जास्त अमोनिया तयार होतो आणि त्यातला बराचसा खत होऊन शेतांत जातो. जमिनीवरचे सगळे सूक्ष्मजीव मिळून हवेतून जेवढा नायट्रोजन उतरवतात, त्याच्या तोडीचा आता माणूस उतरवतो. आपल्या शरीरांतल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपास कधीतरी अशा कारखान्याच्या नळीतून गेलेला आहे, असा अंदाज केला जातो.

उतरवण्याची गोष्ट सगळे सांगतात. परतीची कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. झाड कुजतं, जनावर मरतं, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हा प्रवास इथेच थांबला असता तर नायट्रेट पाण्यात विरघळून समुद्रात जात राहिलं असतं आणि पुरेशा काळात हवेतला नायट्रोजन उतरणीला लागला असता. तसं होत नाही, कारण ओल्या, घुसमटलेल्या जागी, दलदलीत, समुद्राच्या तळच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसऱ्याच जातीचे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि नायट्रोजन पुन्हा वायुरूपात मोकळा करतात. चिखलातून हे जे वर येतं, त्यावर ७८ टक्क्यांचा आकडा टिकून आहे. नायट्रोजनचा एक अणू असा खाली उतरून पुन्हा वर जायला लागायचा काळ कोटीच्या घरातल्या वर्षांचा. शाळेत ज्याला निष्क्रिय म्हणून बाजूला सारतात, तो वायूसुद्धा सजीवांच्या हातून फिरत असतो, फक्त फार संथ.

या परतीच्या वाटेवर थोडी गळती होते. सगळंच नायट्रेट नायट्रोजनपर्यंत पोचत नाही, काही मधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतं. ते पाच ग्रॅम म्हणाले ना, ते हे. शेतात खत जास्त पडलं की गळती वाढते. या वायूला खालच्या हवेत कुणीच हात लावत नाही. तो तरंगत तरंगत स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, जातो आणि तिथे सूर्यकिरणांनी फुटतो. यात शंभराहून जास्त वर्षं जातात.

ऑक्सिजनबद्दल लिहिताना मला जरा सावध व्हावं लागतं, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांना आधीच प्रेम असतं आणि त्या प्रेमात काही गैरसमज पक्के बसलेले आहेत. सुरुवात सुंदर आहे. १७ ऑगस्ट १७७१ रोजी जोसेफ प्रीस्टलीने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. २७ ऑगस्टला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. जळण्याने बिघडलेली हवा झाड सुधारतं, हे माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते हे. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझने दाखवलं की हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही उजेडात. अंधारात झाडही आपल्यासारखंच हवा वापरतं.

त्या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे. झाड दिवसा जो ऑक्सिजन सोडतं, त्यातला काही ते स्वतःच श्वसनात वापरतं. उरलेला, त्याची पानं गळून कुजताना, बुरशी आणि जिवाणू वापरून टाकतात. पूर्ण वाढलेलं जंगल वर्षाच्या शेवटी ऑक्सिजनच्या हिशोबात जवळजवळ शून्यावर येतं. ॲमेझॉनला पृथ्वीची फुप्फुसं म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते, पण ते जंगल वाचवण्याची खरी कारणं दुसरी आहेत: त्याने खोडात आणि मातीत धरून ठेवलेला कार्बन, त्याने फिरवलेलं पाणी, त्यातले जीव. ऑक्सिजन हे कारण नव्हे. पृथ्वीवरचं यच्चयावत जिवंत वस्तुमान जाळून टाकलं तरी हवेतला ऑक्सिजन एका टक्क्यानेसुद्धा घटणार नाही. इतका मोठा साठा आला कुठून मग?

तो न कुजलेल्या गोष्टींमधून आला. समुद्रात मेलेल्या सूक्ष्म जीवांपैकी अगदी थोडे, हजारातला एखादा भाग म्हणा, कुजण्याआधीच गाळात गाडले गेले. त्यांचा कार्बन खडकात अडकला आणि तो जाळायला लागला असता तेवढा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहिला. दर वर्षी इतकुसा. कोट्यवधी वर्षं. कोळसा आणि तेल हा त्या गाडलेल्या कार्बनचा फार छोटा हिस्सा. बाकीचा काळपट शेल खडकांत पातळ पसरलेला आहे, आणि त्या प्रत्येक थराच्या पावतीदाखल हवेत ऑक्सिजन आहे.

तोसुद्धा लगेच साचला नाही. नील-हरित जिवाणू ऑक्सिजन सोडू लागले, तेव्हा समुद्रात लोह विरघळलेलं होतं. ऑक्सिजन मिळताच ते गंजून तळाशी बसू लागलं. त्या काळचे लाल-करडे पट्ट्यापट्ट्यांचे खडक आज आपण लोखंडासाठी खणतो. ज्वालामुखींतून येणारे वायूही ऑक्सिजन खात होते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी कुठे तो हवेत टिकू लागला. तोवर जे जीव त्याच्याविना सुखात होते, त्यांच्यासाठी ते विष होतं, आणि त्यांचे वंशज आजही चिखलात, आपल्या आतड्यांत, जिथे ऑक्सिजन नाही तिथेच राहतात. नायट्रोजन परत करणारी मंडळीही तशाच जागा धरून आहेत. पुढे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीतली जंगलं प्रचंड प्रमाणात गाडली गेली तेव्हा ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच चढला होता, ३० टक्क्यांच्या आसपास असावा. त्या हवेत दोन फुटांहून जास्त पंखविस्ताराचे, आजच्या चतुरांचे पुरातन नातलग उडत. आज तो २१ वर आहे. सोळाच्या खाली गेला तर लाकूड नीट पेट घेत नाही. फार वाढला तर ओलं रानसुद्धा पेटत राहील.

कार्बन डायऑक्साइडकडे येताना पुन्हा एका निष्ठावान मोजणाऱ्याची आठवण काढावीच लागते. मार्च १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंगने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू केली. पहिला आकडा होता दशलक्षात ३१३ भाग. मे महिन्यापर्यंत तो चढला, मग उतरायला लागला, हिवाळ्यात पुन्हा चढला. दुसऱ्या वर्षीही तेच. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, जंगलं जास्त. तिथे उन्हाळ्यात पानं फुटली की हवेतला वायू ओढला जातो, पानगळ झाली की तो परत येतो. मौना लोआला हा हेलकावा दशलक्षात सहाच्या आसपास असतो. अख्ख्या गोलार्धाचं श्वसन डोंगरमाथ्यावरच्या एका यंत्रात उमटतं, आणि उमटतं ते दर वर्षी. पण प्रत्येक वर्षीचं शिखर आधीच्या वर्षापेक्षा उंच निघालं. २०१३ मध्ये चारशेचा आकडा ओलांडला गेला आणि २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर होती. बर्फाच्या गाभ्यांत अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशोब मिळतो, त्यात उद्योगयुगाआधी हा आकडा कधीच तीनशेच्या फारसा वर गेलेला नाही.

तिथे आजही यंत्रांच्या जोडीला काचेच्या कुप्यांत हवेचे नमुने घेतात. नमुना घेणारा माणूस वाऱ्याच्या दिशेला तोंड करतो, श्वास रोखतो, काही पावलं पुढे चालत जातो आणि मग हात लांब करून कुपीची तोटी उघडतो. आपल्या उच्छ्वासात हवेच्या शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचा एक झोत कुपीत गेला तरी नमुना वाया. साऱ्या जगाच्या हवेत काय चाललंय हे कळावं म्हणून कुणीतरी स्वतःचा श्वास रोखून धरतं, हे मला फार भिडतं.

हा वाढलेला वायू ज्वालामुखींतून आला नसेल कशावरून, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. याचं एक उत्तर ऑक्सिजन देतो. चार्ल्स कीलिंगचा मुलगा राल्फ याने हवेतल्या ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बदल मोजण्याची पद्धत काढली. दशलक्षात दोन लाखांहून जास्त असलेल्या वायूत वर्षाला चार-एक भागांची घट शोधायची, हे आधी अशक्य समजलं जायचं. घट सापडली. ज्वालामुखीतून वायू आला असता तर ऑक्सिजन घटला नसता. जळताना मात्र तो घटतोच. गाडलेल्या कार्बनची ती जुनी पावती आपण परत करतो आहोत, आणि ऑक्सिजनचा साठा अफाट असल्याने त्या बाजूला काहीच जाणवत नाही. जाणवतं ते दुसऱ्या बाजूला. आपल्या एक चौरस मीटरवर पूर्वी चार किलो चारशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता, त्यात आता सव्वादोन किलोची भर पडली आहे. दोन टनांमधून दोन किलो गेले तर कळत नाही. चार किलोंवर दोन किलो चढले की कळतं.

मिथेनबद्दल थोडक्यातच. दलदल, वाळवी, रवंथ करणारी जनावरं, पाण्याखालची शेतं, वायूच्या गळक्या विहिरी, सगळीकडून तो येतो. हवेतला हायड्रॉक्सिल नावाचा क्षणजीवी घटक, जो स्वतः जेमतेम सेकंदभर टिकतो, त्याला जाळत राहतो. मुक्काम दहा-बारा वर्षांचा. ऑक्सिजन भरपूर असलेल्या हवेत मिथेन दिसणं हीच खरं तर नवलाची गोष्ट, कारण कुणी सतत सोडत नसेल तर तो काही दशकांत संपून जाईल. शुक्र आणि मंगळ दोघांच्याही हवेत ९५ टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइड आहे, सगळ्या रासायनिक क्रिया केव्हाच आटोपून शांत झालेली हवा. पृथ्वीची हवा शांत झालेली नाही. जेम्स लव्हलॉकने १९६०च्या दशकात म्हटलं होतं की दूरच्या ग्रहावर जीव आहे का हे बघायचं तर आधी त्याची हवा बघा. आज दुर्बिणी नेमकं तेच करत आहेत.

आणि पाण्याची वाफ. तिचे २५ किलो सरासरी नऊ दिवसांत पडतात आणि नव्याने चढतात. हरितगृह परिणामात तिचा वाटा सगळ्यात मोठा, पण ती स्वतःहून वाढत नाही. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, एवढंच. जास्तीची झाली तर पाऊस होऊन उतरते. नऊ दिवसांच्या पाहुणीकडे सूत्रं असू शकत नाहीत. ती असतात लांब मुक्कामाला आलेल्यांकडे.

कार्बन डायऑक्साइडचा मुक्काम किती, या प्रश्नाला एक आकडा पुरत नाही. आपण सोडलेल्या वायूपैकी जवळपास निम्मा समुद्र आणि जमीन मिळून तुलनेने लवकर उचलतात. उरलेल्यातला काही शतकानुशतकं खोल समुद्रात मुरत जातो. हजार वर्षांनंतरही पाचव्या हिश्श्याच्या आसपास हवेत असतोच. त्याला बाहेर काढणारी वाट खडकांतून जाते. पावसात विरघळलेला वायू सौम्य आम्ल होऊन सिलिकेट खडक झिजवतो, त्यातलं कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जातं, तिथे शंख-शिंपले त्याचं कवच करतात, कवचांची चुनखडी होते. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळपास जाईल इतका कार्बन पृथ्वीने असा चुनखडीत बांधून ठेवला आहे. हवा तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, वायू घटतो. हवा गार पडली की झीज मंदावते आणि ज्वालामुखींतून येणारा वायू साचत जातो. या दुरुस्तीमुळे पृथ्वी अब्जावधी वर्षं राहण्याजोगी राहिली. फक्त तिचा वेग लाखो वर्षांचा आहे. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपटीच्या आसपास आपण सोडतो, आणि खडकांना घाई करता येत नाही.

मुक्काम कळला की धोरण बदलतं, हे एकदा घडलेलं आहे. फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंमुळे ओझोन नष्ट होईल असं मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये सांगितलं, १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये हे वायू आटोक्यात आणणारा माँट्रियलचा करार झाला. जगाने तो पाळला. तरीही अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीला यायला २०६६ उजाडेल असा अंदाज आहे, कारण त्यातले काही वायू हवेत शंभर वर्षं राहतात. करार झाल्यापासून जवळपास ऐंशी वर्षं, केवळ मुक्काम संपण्याची वाट पाहण्यात. मिथेन आज कमी करायला घेतला तर त्याचं फळ याच पिढीला दिसेल. नायट्रस ऑक्साइडला शतक द्यावं लागेल. कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र २०६६ सारखं एखादं साल लिहून देता येत नाही. त्याचा शेवटचा हिस्सा खडकांच्या वेगाने जातो, आणि त्या सव्वादोन किलोंत आपण अजून दर वर्षी तीस-चाळीस ग्रॅम घालतो आहोत.